पेट्रा जागी आहे

रावनेस, ९ ऑक्टोबर १९७८

डागनीबाई,

चार वर्षं आपण फोनवर बोलतोय आणि पत्र हे पहिलंच. त्या फोनवर हवामानाखेरीज काही बोललं की लाइनवरचे मधले सगळे कान टवकारतात, म्हणून हे एलिफच्या खिशातून पाठवतोय. वैमानिकाला पोस्टमन केला म्हणून रागावू नका, तोच म्हणाला, द्या.

वरून एक फॉर्म आलाय. प्रत्येक धावपट्टीने शेजारच्या धावपट्टीपर्यंतचं अंतर आणि उड्डाणाला लागणारा वेळ लिहून पाठवायचा. जणू त्यांच्याकडे नकाशाच नाही. मी लिहिलं: रावनेस ते स्टूरवीक, एकसष्ट किलोमीटर, सोळा मिनिटं. रस्त्याने दोनशे अडतीस, तेही घाट उघडा असला तर. तुम्ही काय लिहिताय ते कळवा. दोघांचे आकडे वेगळे गेले तर हसं होईल.

सोळा मी घड्याळ लावून काढलेली नाहीत, किटलीवरून काढली आहेत. तुम्ही फोनवर 'सुटलं' म्हणालात की मी टॉवरमधल्या शेगडीवर कॉफी ठेवतो. उकळी आली की खाली उतरवायची, चोथा तळाशी बसू द्यायचा. पहिला कप ओतेपर्यंत विमानाचा आवाज येतोच. चार वर्षांत किटली एकदाही चुकलेली नाही.

जाता जाता एक गंमत. तुम्ही रोज विचारता ना, 'पेट्रा जागी आहे का?' आणि मी म्हणतो, 'जागी आहे'? एलिफच्या शेजारी बसणाऱ्या नव्या सहवैमानिकाला वाटलं, या वयात माझं काहीतरी भलतंच चाललंय. त्याला समजावून सांगावं लागलं की पेट्रा ऐंशीची आहे, टोकावरच्या घरात एकटी राहते आणि खिडकीत दिवा लावून ठेवते. अंधाराच्या दोन महिन्यांत तो दिवा दिसला म्हणजे अडीच किलोमीटर स्वच्छ. दोनच्या खाली गेलं तर विमान उतरवायचं नाही, परत फिरायचं. विमानतळ त्याबद्दल तिला वर्षाला दोन बल्ब देतो. पोरगा म्हणाला, 'एवढ्यावर चालतं इथलं सगळं?' म्हटलं, एवढ्यावरच चालतं.

सिग्वार्ट


स्टूरवीक, १७ ऑक्टोबर १९७८

सिग्वार्टराव,

सतरा. मी सतरा लिहून पाठवून मोकळी झाले. इथून निघताना वारा तोंडावर असतो, तो तुमच्या किटलीला कुठून कळणार? आता दोन कागद दोन आकडे सांगतील आणि राजधानीतले साहेब डोकं खाजवत बसतील. बसू देत.

एलिफला पोस्टमन केलंत ते बरं केलंत. माझी बहीण गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता, तेव्हापासून माझ्याच घरी वाढला. लहानपणी दुकानातून पाव आणायला सांगितलं तर तास लावायचा, आता रावनेसला जाऊन कॉफी पिऊन पाऊण तासात परत येतो. मला 'मावशी' म्हणतो आणि तुमच्याबद्दल 'काकांची कॉफी तुझ्यापेक्षा चांगली' असं तोंडावर सांगतो. हे मी विसरणार नाही. त्याची तुरीद बाळंत झाली, मुलगी आहे, मारेन नाव ठेवलंय. नाक एलिफचं, बिचारीचं.

तो म्हणत होता, काका विमान गेल्यावरही टॉवरमध्येच बसून राहतात, घरी जात नाहीत. का हो?

डागनी


रावनेस, ६ नोव्हेंबर १९७८

डागनीबाई,

एलिफच्या पोटात काही राहत नाही. पुढच्या वेळी त्याला कॉफीत साखर देणार नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझी बायको आस्लाऊग जाऊन दोन वर्षं झाली. ती होती तेव्हा टॉवरमधून समोर पाहिलं की स्वयंपाकघरात दिवा दिसायचा, म्हणजे जेवण तयार. घर सहाशे मीटरवर आहे, अगदी समोर. त्याच्या छपराच्या वर, खाडीपलीकडे, त्याच रोखाने पेट्राचा दिवा असतो. आता पेट्राचा दिसतो आणि माझं घर काळं. त्या काळ्या घराकडे चालत जायचं म्हणजे पाय जड होतात, म्हणून बसतो. एवढंच आहे.

मारेनला माझे आशीर्वाद. नाक बदलतं म्हणतात.

सिग्वार्ट


स्टूरवीक, २६ नोव्हेंबर १९७८

सिग्वार्टराव,

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. मी लग्न केलं नाही, त्यामुळे घर काळं दिसणं म्हणजे काय ते मला जन्मापासून माहीत आहे. त्यावर मी एक उपाय करते, तोच तुम्हाला पाठवतेय.

पुठ्ठ्याच्या खोक्यात चांदणी आहे, कागदी, आत बल्ब. पुढच्या रविवारी नाताळाआधीच्या चार रविवारांतला पहिला, सगळा गाव आपापल्या खिडकीत लावेल, तुमची मोकळी राहता कामा नये. आणि समोरच्या खोलीत शेजाऱ्यांना दाखवायला लावू नका. स्वयंपाकघराच्या खिडकीत लावा, टॉवरच्या बाजूला. लावायची आणि विझवायचीच नाही, नाताळ संपेपर्यंत. कामावरून मान वर केली की आपल्या घरात उजेड दिसला पाहिजे. हुकूम समजा.

एलिफ म्हणतो, 'मावशी, काकांना चांदण्या पाठवायला लागलीस, आता मला लग्नाचा कोट शिवायला टाकावा लागेल.' कानफटात देणार होते, पण विमान सुटायची वेळ झाली होती.

डागनी


रावनेस, ३ डिसेंबर १९७८, रविवार

डागनीबाई,

हुकूम पाळला. आजच लावली, बरोबर तुम्ही सांगितलीत त्या खिडकीत. खिळा ठोकताना हातोडी अंगठ्यावर बसली, तेही कळवतो. उद्या विमान नाही, त्यामुळे हे पत्र बोटीबरोबर पाठवतोय, एलिफची वाट बघत बसवत नाही.

टॉवरमधून ती कशी दिसते ते अजून पाहिलं नाही. परवा मंगळवारी कामावर गेलो की पाहीन आणि फोनवर सांगेन, कान टवकारणारे टवकारोत. आत्ता स्वयंपाकघरात तिच्याच उजेडात लिहितोय. दोन वर्षांनी या टेबलाशी बसलो.

लग्नाच्या कोटाचं एलिफला म्हणावं, मापं घे.

सिग्वार्ट


स्टूरवीक, १४ डिसेंबर १९७८

सिग्वार्टराव,

तुमचं रविवारचं पत्र बुधवारी, सहा तारखेला बोटीने आलं. तोवर एलिफला आणि बाकीच्या आठ जणांना जाऊन एक दिवस झाला होता.

काय लिहू? दोन वाजता मी तुम्हाला विचारलं, पेट्रा जागी आहे का. तुम्ही म्हणालात, जागी आहे. मी खिडकीतून एलिफला ओरडून सांगितलं, 'पेट्रा जागी आहे, पळ.' त्याने टोपी हलवली. ही आमची शेवटची भेट.

मग मी घड्याळाकडे बघत राहिले. सोळा झाली, मग सतरा. मी स्वतःशी म्हटलं, वारा तोंडावर आहे.

विमान ज्या सुळक्यावर आदळलं तिथून त्यांना खाली आणायला तीन दिवस लागले. जमीन दगडासारखी गोठलेली आहे, खणता येत नाही. इथल्या रिवाजाप्रमाणे पेट्या मे महिन्यापर्यंत चर्चमागच्या खोलीत राहतील. तुरीद रोज तिथे जाऊन बाहेर उभी राहते, मारेनला पाठीला बांधून.

तुम्ही कसे आहात? फोनवर तुमच्या जागी दुसराच आवाज येतो.

डागनी


रावनेस, २० डिसेंबर १९७८

डागनीबाई,

मला दोन आठवडे सुट्टी दिली आहे. काही करत नाही.

तुम्ही 'सुटलं' म्हणालात तशी मी किटली ठेवली. उकळी आली, उतरवली, चोथा बसला, कप ओतला. आवाज आला नाही. मी आणखी एक कप ओतला. का ओतला ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, पेट्राकडे गेलो होतो. तिचा बल्ब गेला होता, तो बदलून आलो.

चांदणी मी काढून खोक्यात ठेवली आहे. रागावू नका. तुरीदला काय म्हणायचं ते मला सुचत नाही, तुम्हीच माझ्या वतीने काहीतरी म्हणा.

सिग्वार्ट


स्टूरवीक, ८ जानेवारी १९७९

सिग्वार्टराव,

रागावलेच आहे. चांदणी का काढलीत? दुःख तुम्हालाही आहे हे मला कळतं, पण अंधारात बसून एलिफ परत येणार नाही. त्याने ती स्वतःच्या मांडीवर ठेवून आणली होती, मागे सामानात टाकली नव्हती, चुरगळेल म्हणून. पुन्हा लावा. त्याच्यासाठी लावा.

इथे एक नवीनच सुरू झालंय. लोक बोलायला लागले आहेत. दुकानात मी शिरले की गप्प होतात. 'हवा चांगली होती, तरी डोंगराला लागला म्हणजे काय?' 'तान्ही मुलगी घरी, परतायची घाई असणार.' त्या विमानात आमच्याच गावचे पाच जण होते, त्यांच्या घरच्यांचं मी काय तोंड धरणार? पण परवा तुरीदने लोणी मागितलं, तर दुकानदाराच्या बायकोने तिच्याकडे न बघता काउंटरवरून सरकवलं. तिचा भाऊ गेलाय. तुरीद लोणी तिथेच ठेवून घरी आली. तेव्हापासून ती दुकानात जात नाही, मीच आणून देते.

चौकशीची माणसं या महिन्यात येतायत. तुम्ही शेवटपर्यंत त्याच्याशी रेडिओवर बोलत होतात. तो घाईत नव्हता हे तुम्ही त्यांना सांगाल ना? माझी सगळी आशा तुमच्यावर आहे.

डागनी


रावनेस, २ फेब्रुवारी १९७९

डागनीबाई,

चौकशीची माणसं येऊन गेली. नोंदवहीत मी जे लिहिलं होतं तेच सांगितलं. त्यांनी विचारलं, दिवा दिसला होता का. मी म्हटलं, दिसला होता. त्यांनी लिहून घेतलं.

एलिफ घाईत नव्हता हेही सांगितलं. ते म्हणाले, हे मत झालं, निरीक्षण नव्हे.

सध्या पत्र लिहिणं जमणार नाही. प्रकृती बरी नाही.

सिग्वार्ट निलसेन


स्टूरवीक, १९ मार्च १९७९

सिग्वार्टराव,

अहवाल आला. तुम्हालाही आला असेल. 'रावनेस येथील निरीक्षणानुसार दृश्यमानता अडीच किलोमीटर. वैमानिकाने कारण नसताना वेळेआधी उंची सोडली.' कारण नसताना. तुरीदने ते वाचलं आणि मला विचारलं, 'मावशी, आम्हाला भेटायच्या घाईत त्याने सगळ्यांना मारलं का?' ती आता मारेनला घेऊन दक्षिणेला निघून जायचं म्हणते, पेटी इथे टाकून.

मग मी तुमची सगळी पत्रं काढून बसले. तुमच्या शब्दांत त्याच्या बाजूचं काही सापडतंय का ते बघायला. आणि वीस डिसेंबरच्या पत्रापाशी थांबले. तुम्ही लिहिलंय, बुधवारी पेट्राचा बल्ब गेला होता, तो बदलून आलो.

मंगळवारी दुपारी दोन वाजता तुम्ही मला सांगितलंत, पेट्रा जागी आहे.

मी तुम्हाला एकच गोष्ट विचारते, आणि तुम्ही मला खरं सांगायचं. बल्ब कधी गेला होता?

डागनी


रावनेस, १ एप्रिल १९७९

डागनीबाई,

सोमवारी.

पेट्राकडे फोन नाही. ती म्हणाली, 'सोमवारपासून अंधारात बसलेय, या बर्फात कोणाला सांगायला जाऊ?' मी तिच्या खुर्चीवर चढून बल्ब लावला, आणि तिने मला केक दिला. मी तो खाल्ला.

आता सगळं लिहितो. मंगळवारी सकाळपासून बर्फ उडत होता. तुमचा फोन आला तेव्हा मी मान वर केली. माझ्या छपराच्या रोखाने एक पिवळट ठिपका दिसला. चार वर्षं त्या जागी एकच दिवा असतो. तुम्ही विचारलंत, मी म्हटलं, जागी आहे. नवव्या मिनिटाला एलिफने रेडिओवर विचारलं, 'काका, खाली काही दिसत नाही. पेट्रा आहे ना?' मी पुन्हा पाहिलं, ठिपका होता. मी म्हटलं, 'आहे, ये खाली.' तो माझ्या शब्दावर खाली आला.

त्या रात्री घराकडे चालत निघालो तेव्हा तो ठिपका माझ्या पायांबरोबर मोठा होत गेला. दारापाशी आलो तेव्हा त्याला पाच टोकं होती.

सहाशे मीटर, डागनीबाई. अडीच हजार नव्हे. मी खरा आकडा सांगितला असता तर तो परत फिरला असता आणि अडीचच्या आत तुमच्याकडे असता. रविवारी मी स्वतः खिळा ठोकला आणि मंगळवारी विसरलो. म्हणजे विसरलो असंही नाही, बघायचं म्हणून ठरवून गेलो होतो. पण तुम्ही पेट्राचं विचारलंत आणि तोंडातून नेहमीचं उत्तर गेलं.

चौकशीवाल्यांना 'दिवा दिसला' म्हणालो, कोणाचा ते बोललो नाही. मला भीती वाटली. नऊ माणसांची नावं घेऊन या गावात राहायची भीती. एलिफला दोष लागेल हे मला माहीत होतं, आणि तरी मी गप्प बसलो. या पाच ओळींना मला चार महिने लागले.

सोबत चौकशीच्या कार्यालयाला लिहिलेलं पत्र आहे. पाकीट उघडं ठेवलंय. त्यात चांदणीचा उल्लेख आहे, पण कोणी पाठवली आणि कोणती खिडकी सांगितली ते नाही. ते मी कोणालाच सांगणार नाही. तुम्ही वाचा. मग चिकटवून पाठवा किंवा चुलीत घाला. तुम्ही काहीही केलंत तरी मी तुम्हाला बोल लावणार नाही. माझा राजीनामा कालच गेलाय.

सिग्वार्ट


स्टूरवीक, २३ मे १९७९

सिग्वार्टराव,

तुमचं पाकीट तीन आठवडे माझ्या चमच्यांच्या खणात होतं. रोज चमचा काढताना दिसायचं. आधी तुमचा इतका राग आला की त्या दिवसांत तुम्ही समोर असतात तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. चार महिने तुरीद मान खाली घालून फिरली, आणि तुम्ही तिकडे प्रकृती बरी नाही म्हणून लिहीत होतात.

मग राग उतरला आणि तिथे मी स्वतःच उभी होते. चांदणी माझी. खिडकी माझी. विझवायची नाही हा हुकूमही माझाच. 'किती दिसतंय' असं सरळ न विचारता 'पेट्रा जागी आहे का' विचारायची खोडही मीच लावली, पहिल्याच हिवाळ्यात, तुम्हाला हसवायला. तुम्ही माझं नाव वगळलंत ते चांगुलपणाने, पण मला ते नको होतं. मी तुमच्या पत्रामागे माझं एक पान जोडलं, सगळं लिहिलं, आणि पाठवलं.

परवा उत्तर आलं. अहवाल दुरुस्त केलाय, चांदणी कोणी पाठवली तेही त्यात आहे. 'वैमानिकाने मिळालेल्या माहितीनुसार उंची सोडली, ते योग्य होते.' मी तो कागद दुकानाच्या दारावर लावायला दिला. दुकानदाराच्या बायकोने तो वाचला, मग माझ्याकडे बघितलं, आणि माझं सामान बांधून न देताच आत निघून गेली. आता माझी पाळी.

तुरीदला मी कागद यायच्या आधीच सांगितलं होतं, तिच्या स्वयंपाकघरात, मारेन माझ्या मांडीवर असताना. तिने सगळं ऐकून घेतलं. मग उठून मुलीला माझ्या मांडीवरून उचललं. 'बरं झालं तू सांगितलंस, मावशी,' म्हणाली, आणि दार उघडून उभी राहिली. तेव्हापासून मारेनला मी पाहिलेलं नाही. ती दक्षिणेला मात्र जात नाही. मान वर करून दुकानात जाते, स्वतःचं लोणी स्वतः आणते. यासाठीच पाठवलं होतं पाकीट, आणि याची हीच किंमत होती तर ती मी भरली.

तुमच्या जागी आलेला मुलगा फोनवर नुसते आकडे सांगतो. मी प्रत्येक आकडा दोनदा विचारते, तो वैतागतो. वैतागू दे. हिवाळ्यापर्यंत खाडीच्या दोन्ही काठांना सरकारी लाल दिवे बसणार आहेत, पेट्राला बल्ब मिळणार नाही म्हणे. तो तुम्ही नेऊन देत जा.

जमीन मोकळी झाली. एलिफचं दफन शनिवारी आहे, अकरा वाजता. तुरीदने निरोप पाठवलाय: मावशीने यावं, पण मागे उभं राहावं. मी विचारलं, आणि रावनेसचे काका? निरोप आणणाऱ्या बाईने परत जाऊन विचारलं. तुरीदने सांगितलं, तेही मागेच.

तेव्हा या. घाट उघडलाय, पण रस्त्याने येऊ नका, सहा तास एकट्याने गाडीत बसून काय विचार कराल ते मला माहीत आहे. शनिवारी सकाळच्या विमानाने या. सोळा मिनिटं लागतात, वेळापत्रकात तुमचाच आकडा छापून आलाय.

चार वर्षं रोज बोललो आणि एकमेकांना पाहिलेलं नाही, म्हणून खूण सांगते. चर्चच्या मागच्या भिंतीपाशी बघा. जिच्या शेजारी कोणी उभं नसेल, ती मी.

डागनी